पेरूच्या वासाचा फ्रॉक

गेल्या फेब्रुवारीत विज्ञानदिनाच्या निमित्ताने आम्ही अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, राहाता तालुक्यातील एका शाळेत गेलो होतो. राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. शाळेच्या कुंपणापलीकडेही पेरूची बाग होती. कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्नपेटी उघडली, तेव्हा सहावीतल्या एका मुलीची चिठ्ठी निघाली : ‘पेरूच्या वासाचा फ्रॉक करता येईल का? धुतला तरी वास जाऊ नये.’ वर्गात हशा पिकला. मुलीने धीटपणे उभे राहून खुलासा केला. तिची आई बागेत पेरू निवडून खोक्यांत भरण्याचे काम करते. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या साडीला पेरूचा वास येतो. बहर संपला की तो वास जातो.

शाळेतील एका शिक्षकांनी लगेच उत्तर दिले, “बाळ, विज्ञानाला अशक्य काही नाही. परदेशात असे कपडे निघालेसुद्धा आहेत. उद्या आपल्याकडेही मिळतील.” टाळ्या झाल्या. वेळ संपत आली होती, म्हणून आम्हीही गप्प बसलो. पण हे उत्तर आम्हाला खटकले, आणि आपले गप्प बसणे त्याहून अधिक खटकले. हा लेख त्या उत्तरावरची टीका आहे. ही टीका त्या शिक्षकांवर नाही. धुलाईच्या साबणापासून कपड्यांपर्यंत ‘दीर्घकाळ टिकणाऱ्या सुगंधा’चे वचन देणाऱ्या जाहिराती आपण सगळेच ऐकतो, आणि त्यांचीच भाषा नकळत वर्गात आणतो. उत्तर अगदी खोटे होते असे नाही; सुगंधी कापड बनवता येते. प्रश्न असा आहे, की त्याला येणारा वास पेरूचा असेल का, तो किती टिकेल, आणि त्याची किंमत कोण देईल.

वास येतो म्हणजे काय जाते?

वास येण्यासाठी पदार्थाचे रेणू त्या पदार्थावरून सुटून हवेत यावे लागतात आणि हवेतून नाकाच्या वरच्या भागातील ग्राहक प्रथिनांपर्यंत पोहोचावे लागतात. या प्रथिनांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० प्रकारची ग्राहक प्रथिने कामाची असतात. यातला साधा अर्थ वर्गात सांगण्याजोगा आहे : ज्या क्षणी आपल्याला फ्रॉकचा वास येतो, त्या क्षणी फ्रॉकमधील काही रेणू कायमचे निघून गेलेले असतात. रंगाचे तसे नाही. रंग दिसण्यासाठी रंगद्रव्याला कापड सोडावे लागत नाही. म्हणून ‘पक्का रंग’ असू शकतो, पण त्या अर्थाने ‘पक्का वास’ असू शकत नाही. वास म्हणजे खर्च होणारी पुंजी आहे.

ही पुंजी किती वेगाने खर्च होते, ते रेणूवर अवलंबून असते. फळांच्या वासातले पुष्कळसे रेणू लहान आणि चपळ असतात. केळ्याच्या वासातील मुख्य घटक आयसोअमाइल ॲसिटेट याचा रेणुभार १३०, उत्कलनबिंदू सुमारे १४२ अंश सेल्सिअस. श्रीगोंद्याच्या कागदी लिंबाच्या सालीतील लिमोनीनचा रेणुभार १३६, उत्कलनबिंदू सुमारे १७६ अंश. याउलट व्हॅनिलाच्या वासातील व्हॅनिलिन हा घन पदार्थ असून त्याचा उत्कलनबिंदू २८५ अंशांच्या आसपास आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा द्रव्यांचा बाष्पदाब ढोबळमानाने दुप्पट होतो. नगरच्या उन्हाळ्यात दोरीवर वाळत घातलेले कापड ४५ अंशांपर्यंत तापले, तर २५ अंशांच्या खोलीच्या तुलनेत वास सुमारे चौपट वेगाने उडेल.

आता धुण्याचा हिशेब करू. प्रत्येक धुण्यात निम्मा वास गेला असे धरले, तर दहा धुण्यांनंतर उरतो १/१०२४, म्हणजे हजारातला एक भागही नाही. उत्पादकाने फार चांगले काम केले आणि प्रत्येक धुण्यात फक्त दहा टक्के वास गेला असे मानले, तरी बावीस धुण्यांनंतर एक दशांश उरेल आणि शंभर धुण्यांनंतर लाखातले जेमतेम तीन भाग. शाळेचा गणवेश वर्षात शंभर वेळा तरी धुतला जातो. शिवाय आपल्याकडे कपडे दगडावर आपटून, धोपटण्याने बडवून धुण्याची पद्धत अजून गेलेली नाही. ‘इतकी धुणी टिकेल’ या दाव्यामागची चाचणी कोणत्या धुण्यावर केली, हे विचारायची सवय मुलांना लावली पाहिजे.

‘एस्टरला फळांचा वास असतो’

प्रयोगशाळेत आपण अल्कोहोल आणि आम्ल तापवून एस्टर बनवतो व ‘फळांसारखा मधुर वास’ अशी नोंद करायला लावतो. नोंद बरोबर आहे. पण विद्यार्थी त्यातून ‘फळाचा वास म्हणजे एक एस्टर’ असे समजतो आणि आपण त्याला तसे समजू देतो. फळाच्या वासात शेकडो द्रव्ये असतात. पिकलेल्या पेरूत एस्टर आहेत, हिरव्या पानांचा वास देणारी सहा कार्बनी संयुगे आहेत, आणि अत्यल्प प्रमाणात गंधकयुक्त संयुगे आहेत. पेरूला ‘पेरूपणा’ देण्यात या गंधकयुक्त संयुगांचा वाटा मोठा आहे. त्यांचे प्रमाण अब्जात काही भाग इतके असते, आणि तेच संयुग जास्त प्रमाणात झाले तर त्याला घामट, नकोसा वास येतो. तेव्हा पेरूचा वास ही नुसत्या द्रव्यांची यादी नसून त्यांच्या प्रमाणांची यादी आहे.

टिकाऊपणाची अडचण नेमकी इथे येते. मिश्रण कापडावर शिंपडले, की हलके रेणू आधी उडतात आणि जड मागे राहतात. प्रमाण बिघडते. पहिल्या दिवशी पेरू वाटणारा वास चौथ्या दिवशी कमी झालेला पेरू नसतो. ते काहीतरी वेगळेच असते. मिठाई, साबण, खोडरबर यांना येणारा ‘फळाचा वास’ एकसुरी का वाटतो, याचेही एक कारण हेच : टिकतील अशी मोजकीच द्रव्ये त्यात निवडलेली असतात. डाळिंबाचे उदाहरण तर गमतीचे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ हा वाण जिल्ह्यातील अनेक बागांत आहे. त्याचा दाणा डोळे मिटून हुंगा आणि वासाचे वर्णन करा. ते जमत नाही, कारण डाळिंबाला वासच फार मंद असतो. तरीही ‘डाळिंबाचा सुगंध’ असलेली प्रसाधने बाजारात आहेत. तो सुगंध गंधकाराच्या कल्पनेतला आहे.

टिकवण्याचे तीन मार्ग

तरीही वास टिकवण्याचे मार्ग आहेत, आणि त्यांमागील विज्ञान सुंदर आहे. ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही.

पहिला मार्ग जड रेणूंचा. तो आपल्या घरांत फार जुना आहे. ठेवणीतल्या लुगड्यांच्या ट्रंकेत वाळा, कापूरकाचरी, नागरमोथा ठेवत. वाळ्याच्या तेलातील मुख्य द्रव्ये पंधरा कार्बनी सांगाड्यांची असतात. त्यांचा रेणुभार २२० च्या आसपास असल्याने ती सावकाश उडतात. लुगड्याच्या घडीत आंब्याची साल कोणी ठेवली नाही, वाळ्याची मुळी ठेवली. ही निवड अनुभवाने झाली होती आणि ती रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरते. आपल्याकडे या विषयावर ग्रंथही आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ति’ नावाचा अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार निवडून १८२० मिश्रणे होतात, हा हिशेब त्यात आहे. गणिताच्या शिक्षकांनी तो जरूर वापरावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या ग्रंथांचे हस्तलिखित उजेडात आणले. यांपैकी ‘गंधवाद’वर मराठी टीका आहे. १९८९ साली ते बडोद्याहून छापले गेले. या जुन्या गंधशास्त्राचा भर चंदन, अगरू, कस्तुरी, नागरमोथा यांसारख्या सावकाश उडणाऱ्या द्रव्यांवर दिसतो.

दुसरा मार्ग पिंजऱ्याचा. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात सुवासिक भात होतो. मावळातला आंबेमोहोर तर नावानेच आंब्याच्या मोहोराची आठवण देतो. सुवासिक तांदळाच्या वासातील मुख्य द्रव्य २-ॲसिटिल-१-पायरोलीन चटकन उडणारे आहे, तरी ते दाण्यात महिनोन्‌महिने थोडेफार टिकते. दाण्याच्या पिष्टात ते अडकून राहणे हे त्याचे एक कारण आहे. पिष्टमय पदार्थांच्या या गुणाचा उपयोग कापडासाठी करता येतो. पिष्टावर विशिष्ट विकराची क्रिया केली, की सहा, सात किंवा आठ ग्लुकोज घटकांची कडी मिळते. तिला सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. व्हिलिए यांनी ती १८९१ साली प्रथम वर्णन केली. कडीच्या पोकळीत वासाचा रेणू बसतो. ही कडी सुती धाग्याला रासायनिक बंधाने जोडता येते. जोडण्याची पद्धत सुताला पक्का रंग देण्याच्या एका पद्धतीसारखीच आहे. मात्र पक्का होतो तो पिंजरा, पक्षी नव्हे. आतला रेणू निघून गेला की पोकळी पुन्हा भरावी लागते.

तिसरा मार्ग सूक्ष्म कुप्यांचा. कार्बन पेपर न घालता दुसऱ्या पानावर उमटणारी पावतीपुस्तके आपण वापरतो. एनसीआर कंपनीने असा कागद १९५४ साली बाजारात आणला. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्यांत रंगपूर्व द्रव्य भरलेले असते. पेनाचा दाब पडला की कुप्या फुटतात. मूळ पद्धतीत कुपीची भिंत जिलेटीन आणि डिंक यांची होती. हा डिंक आपल्या बाभळीच्या जवळच्या नात्यातल्या झाडाचा. रंगाऐवजी वास भरला, की खरवडून हुंगायची चित्रे तयार होतात आणि कुप्या कापडावर चिकटवल्या की सुगंधी कापड. या पद्धतीत मिश्रणाचे प्रमाण कुपी फुटेपर्यंत बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण. पण फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही, आणि घासणे व पिळणे या दोन्हींनी ती फुटते.

सावकाश वास सोडण्याची कला किती अवघड आहे, हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. शेवगाव-पाथर्डीकडील कपाशीच्या शेतात कामगंध सापळे लावलेले दिसतात. त्यातील ल्यूर म्हणजे मादी पतंगाच्या गंधाची रबरी गोळी. पतंगाला या गंधाचे अत्यल्प रेणूही पुरतात, ल्यूर कोणी धूत नाही, त्याला कोणी पिळत नाही. तरीही तो साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. ज्या कामात वास टिकण्यावर शेतकऱ्याचे पीक अवलंबून आहे तिथे ही मर्यादा उघड सांगितली जाते, आणि कपड्याच्या जाहिरातीत ती सांगितली जात नाही. आमचा आक्षेप या लपवण्याला आहे.

किंमत कोण देतो?

पहिली किंमत परिसराची. टिकाऊपणा हा गुण कपड्यावर हवाहवासा वाटतो, पण कपडे धुतल्यावर तोच गुण सांडपाण्यात जातो. कस्तुरीसारखा वास देणारे मस्क झायलीन हे द्रव्य १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर यांना स्फोटकांवर काम करताना सापडलेल्या द्रव्यांच्या कुळातले. ते स्वस्त होते, वास टिकवत होते, म्हणून साबणांत भरपूर वापरले गेले. ते निसर्गात विघटित होत नाही आणि सजीवांच्या शरीरात साठते, म्हणून युरोपीय संघाने २०११ साली विशेष परवानगीखेरीज न वापरण्याच्या द्रव्यांत त्याचा समावेश केला. आजच्या अनेक सूक्ष्म कुप्यांच्या भिंती प्लॅस्टिकच्या असतात. हेतुपुरस्सर मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्बंध आणले. त्यात सुगंधाच्या कुप्याही आहेत. त्यांना बदलासाठी २०२९ पर्यंत मुदत दिली आहे.

दुसरी किंमत शेजाऱ्याची. एकच वास सतत आला, की काही मिनिटांत आपले नाक त्याची दखल घेणे सोडते. म्हणजे सुगंधी फ्रॉकचा वास घालणारीला फार वेळ येणारच नाही; तो येईल बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस वास, आणि त्यांत दम्याचा त्रास असलेला एखादा विद्यार्थी, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. लिमोनीनसारखी द्रव्ये हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावली, की तयार होणाऱ्या पदार्थांनी काहींच्या त्वचेला वावडे येते. अत्तर नकोसे झाले तर धुता येते. जो वास जाऊ नये म्हणूनच बनवला, तो नकोसा झाल्यावर काय करायचे?

तिसरी किंमत अर्थाची, आणि शिक्षक म्हणून ती आपल्याला सर्वांत महत्त्वाची वाटायला हवी. फळाचा वास हा निरोप आहे : ‘मी आता पिकलो आहे, खायला या.’ कच्च्या पेरूला तो वास नसतो. पाखरे, वटवाघळे आणि मुले हा निरोप वाचतात. सहा महिने ‘पिकलो आहे’ असे सांगत राहणारे कापड खोटे बोलत असते. लहान मुले अशा खोट्याला फसतात. फळाच्या वासाचे खोडरबर चावून गिळलेले पहिलीतले मूल आम्ही पाहिले आहे. दिसण्याने किंवा वासाने खाद्यपदार्थ वाटतील अशा धोकादायक वस्तूंवर युरोपीय समुदायाने १९८७ सालीच बंदी घातली, ती याच कारणाने. माश्यांची भाषा तर वेगळीच. केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल ॲसिटेट हेच मधमाशीच्या नांगीतून सुटणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यातील प्रमुख द्रव्य आहे, हे १९६२ मध्ये दाखवले गेले. डाळिंबाच्या बागेत परागीकरणासाठी मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेल्या असताना केळ्याच्या वासाचा सदरा घालून तिथे जाऊ नये, एवढे व्यवहारज्ञान त्यातून मिळते.

कपड्याला येणारा अन्नाचा वास कधी खरा निरोपही असतो. बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात. तिच्या घामाला, कपड्यांना आणि बाळालाही तो वास येतो. हे मेथीतील सोटोलोन या द्रव्यामुळे होते. हेच द्रव्य एका दुर्मीळ आनुवंशिक चयापचय-विकारात बाळाच्या लघवीला येणाऱ्या गोडसर वासालाही कारण असते. आईने मेथी खाल्ल्यामुळे बाळाला हा विकार असल्याची शंका आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डॉक्टरांचे नाकही उपकरण आहे. सगळ्या कपड्यांना कायमचा वास दिला, तर असे निरोप वाचायचे कसे?

वर्गात करून पाहण्यासाठी

सुती आणि पॉलिएस्टर कापडाचे सारख्या आकाराचे सहा-सहा तुकडे घ्या. लिंबाच्या सालीचा रस, व्हॅनिला इसेन्स आणि वाळा भिजवलेले पाणी असे तीन वास घ्या. प्रत्येक वासाचे चार थेंब, दोन्ही कापडांच्या दोन-दोन तुकड्यांवर टाका. प्रत्येक जोडीतला एक तुकडा झाकणाच्या बाटलीत ठेवा, दुसरा उघड्यावर दोरीला लावा. शिवाय बिनवासाचा एक तुकडा तुलनेसाठी ठेवा. आठवडाभर रोज एकदा, डोळे मिटून, कोणता तुकडा आहे ते न सांगता हुंगायला द्या आणि ० ते ३ असे गुण नोंदवा. सर्दी असलेल्यांनी आणि दम्याचा किंवा वावड्याचा त्रास असलेल्यांनी फक्त नोंदी ठेवाव्यात. ‘वास येत नाही’ हे उत्तर चूक समजू नये.

उघडा लिंबू सर्वांत आधी जाईल असा आमचा अंदाज आहे. बाटलीतला टिकेल, पण तो टिकतो याचे कारण आपण तो हुंगत नाही. बाटली उघडली की तोही जायला लागतो. व्हॅनिलाला किती दिवस लागतात आणि दोन कापडांत काय फरक पडतो, हे मुलांनीच शोधावे. ‘पक्का रंग आणि पक्का वास’ यांतला फरक या तक्त्यावरून त्यांना न सांगता समजेल.

त्या मुलीला आम्ही आता असे उत्तर देऊ : फ्रॉकला थोडे दिवस वास देता येईल. तो पेरूच्या जवळपासचा असेल, पेरूचा नसेल, आणि तुला स्वतःला तो थोडाच वेळ जाणवेल. तुझ्या आईच्या साडीचा वास टिकाऊ नाही. ती रोज बागेत जाते, म्हणून तो रोज नवा येतो. बहर संपला की तो जातो आणि पुढच्या बहराला परत येतो. पेरूचा वास खरा असल्याची तीच खूण आहे. तुला तो का आवडतो, हे तू चिठ्ठीत लिहिले नव्हतेस, पण आम्हाला ते कळले.

विज्ञानाला अशक्य काही नाही, असे सांगून मुलांना आशा देण्यापेक्षा एखादी गोष्ट का कठीण आहे हे समजावून सांगणे अधिक उपयोगी आहे, असे आम्हाला वाटते. आपल्या शाळेत हा प्रयोग केल्यास मुलांच्या नोंदी, विशेषतः आमच्या अंदाजाविरुद्ध गेलेल्या नोंदी, आम्हाला जरूर कळवा.